बोरन्हाणाचे फोटो आणि दरवर्षीचं भोकाड

जानेवारी उजाडला की मला एकच फोन वेगवेगळ्या घरांतून येतो. "गेल्या वर्षी एक फोटो धड आला नाही हो. मुकुट घातला आणि जे भोकाड पसरलं ते झोपेपर्यंत. या वर्षी तुम्हीच या." मी लहान मुलांचे फोटो काढते, तेही घरी जाऊन. बारसं, जावळ, वाढदिवस सगळं असतं, पण सगळ्यात जास्त रडारड बोरन्हाणात होते. एक ते तीन वर्षांचं मूल, अंगावर कोरा काळा कपडा, टोचणारे दागिने, पाहुण्यांनी भरलेला हॉल आणि डोक्यावर अचानक ओतलेली बोरं. मोठ्या माणसालाही झेपणार नाही असा बेत आपण आखतो आणि वर म्हणतो, "आमचा ना, फोटोला बसतच नाही."

बसत नाही हे खरं आहे. त्या वयात कुणीच बसत नाही. पण रडण्याचं कारण बहुतेक वेळा कॅमेरा नसतो. झोप आलेली असते, पोट रिकामं असतं, गळ्याला काहीतरी टोचत असतं, नाहीतर समोर दहा माणसं एकदम ओरडत असतात. म्हणून 'हसवायचं कसं' हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. नेहमीच्या तक्रारी, त्यामागची कारणं आणि चालतात असे उपाय खाली देतेय. उदाहरण बोरन्हाणाचं आहे, पण वाढदिवसाला किंवा सुटीच्या दिवशी घरच्या घरी फोटो काढतानाही यातलं बरंचसं लागू पडतं.

"दिवसभर छान होता, नेमका फोटोच्या वेळी बिनसला"

निमंत्रणावर काय वेळ टाकलीय ते बघा. बोरन्हाण आपण हळदीकुंकवाला जोडून घेतो, म्हणून 'सायंकाळी ५ ते ८'. बायका ऑफिसमधून, शाळेतून, लोकलमधून येणार, त्यामुळे खरी सुरुवात साडेसहाला. आता मुलाचं घड्याळ बघा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. साधारण पंधराव्या ते अठराव्या महिन्याच्या सुमारास दिवसाच्या दोन झोपांची एकच होते, बहुतेक घरांत दुपारी एक ते तीन. म्हणजे साडेसहाला ते मूल तीन-साडेतीन तास जागं आहे, त्यातला शेवटचा तास अनोळखी बायकांनी गालगुच्चे घेण्यात गेलाय आणि दुपारचं खाणं केव्हाच जिरलंय. त्यात कार्यक्रमाच्या गडबडीत दुपारची झोप बुडाली असेल तर फोटोग्राफरला बोलावूच नका, पैसे वाचतील.

उजेडाचंही गणित इथेच बिघडतं. संक्रांतीच्या सुमाराला मुंबई-पुण्यात सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो, नागपुरात सहाच्याही आधी. त्यानंतर हॉलमध्ये उरते ट्यूबलाइट आणि लुकलुकणारी माळ.

यावर माझा एकच ठाम उपाय आहे: फोटो आणि समारंभ वेगळे करा. मूल दुपारी उठलं की अर्धा तास त्याला त्याच्या लयीत येऊ द्या, दूध-खाणं होऊ द्या, आणि चार-साडेचारला, पाहुणे यायच्या आत, दागिने घालून फोटो काढून घ्या. घरात तेव्हा आई, बाबा आणि फार तर आजी. वीस मिनिटं खूप झाली. दोन वर्षांच्या मुलाचं लक्ष एका गोष्टीवर काही मिनिटांपलीकडे टिकत नाही, म्हणून त्या वीस मिनिटांतही मधे दोनदा उठून गॅलरीत जाऊन कावळा बघून येणं आलंच. हे फोटो झाले की संध्याकाळचा कार्यक्रम कसाही होवो. मुलानं मुकुट फेकून दिला तरी कुणाचा जीव खालीवर होत नाही आणि घरच्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला की गंमत म्हणजे मूलही शांत राहतं.

सासूबाईंना हे पटवणं हा वेगळा विषय आहे. "आधी औक्षण, मग फोटो" असं ऐकायला मिळतं. तेव्हा चार वाजता घरच्या घरी एकदा ओवाळून घ्यावं, संध्याकाळी पुन्हा ओवाळावं. दोनदा ओवाळल्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

आणखी एक. दीड वर्षाच्या सुमाराची लस, म्हणजे १६ ते २४ महिन्यांत देतात तो डीपीटीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, नुकतीच झाली असेल तर ताप आणि किरकिर धरून चाला. दाढा येत असतील तरी तेच. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत आणि दुसऱ्या २३ ते ३३ महिन्यांत येतात, म्हणजे नेमक्या बोरन्हाणाच्या वयात. तोंडात सतत मूठ आणि हनुवटीवर लाळ दिसली तर त्या दिवशी फार अपेक्षा ठेवू नका.

"दागिने घातले की ओढून काढतो"

हलव्याला काटा चांगला आला की घरातल्या बायका कौतुकानं हातात घेऊन बघतात. तोच काटा मुलाच्या मानेवर घासतो. एकदा बोट फिरवून बघा. पुठ्ठ्यावर शिवलेला हार, त्याच्या मागच्या बाजूला निघालेली दोऱ्याची टोकं, जरीची कडा आणि पुढे खडबडीत साखर. मुकुटाचं इलॅस्टिक हनुवटीखाली काचतं. बाजूबंदाची गाठ दंडाला रुतते. मोठ्या मुलीला सांगता येतं, "थोडा वेळ सहन कर". दीड वर्षाच्या मुलाला टोचलं की ते काढून टाकतं. मुलाचं त्यात काही चुकत नाही.

दागिने घरी आल्या आल्या उलटे करून बघायचे. मागच्या बाजूला जुन्या मलमलच्या ओढणीची किंवा मऊ सुती धोतराची पट्टी टाके घालून लावायची. इलॅस्टिक काढून त्या जागी मऊ कापडाची नाडी लावली तर मुकुट जास्त वेळ टिकतो. कपडा काळा असला तरी तो कोरा नको. एकदा धुऊन, एकदा घालून झालेला हवा. झबल्याच्या गळ्याचं लेबल कापून टाका. काळ्या परकर-पोलक्यावर जरीचा काठ असेल तर आतून अस्तर आहे ना ते बघा.

फोटोच्या आधी दोन-तीन दिवस रोज पाच मिनिटं एकेक दागिना मुलाच्या हातात खेळायला द्या. आईनं स्वतः घालावा, बाबांच्या डोक्यावर ठेवावा, आरशात बघावा. ज्या दिवशी फोटो आहेत त्या दिवशी उलट्या क्रमानं जा: आधी नुसत्या कपड्यातले फोटो, मग कंबरपट्टा, मग बांगड्या, मग हार आणि सगळ्यात शेवटी मुकुट. आपण नेमकं उलटं करतो. मुलाला नखशिखांत सजवतो, मग कॅमेरा शोधायला लागतो. मुकुट हा असा नग आहे की तो डोक्यावर चढल्यापासून तुमच्याकडे एखादंच मिनिट असतं. तोपर्यंत कॅमेरा सुरू, उजेड बघितलेला, हाक मारणारं माणूस जागेवर पाहिजे. मुकुट नाहीच टिकला तर तो बाजूला पाटावर ठेवून, मूल त्याच्याशी खेळतंय असा फोटो घ्या. अल्बममध्ये तो कुठेही कमी दिसत नाही.

मूल दागिने चाटणार. साखरच आहे ती. चाटताना फोटो फार सुंदर येतो, पण ओला झालेला हलवा सुटून तोंडात जातो आणि दाणा कडक असतो. तेव्हा एक माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं हवं आणि त्याच्या हातात फोन नको.

"कॅमेरा बघितला की आईच्या कुशीत"

आठव्या-नवव्या महिन्यापासून पुढे बराच काळ अनोळखी माणसाची भीती असते, काही मुलांना दोन वर्षांपर्यंत. त्यात त्या अनोळखी माणसाला चेहराच नाही, चेहऱ्याच्या जागी एक काळं भोक आहे. मूल घाबरलं नाही तर नवल.

मी घरात गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा पिशवीतून काढतच नाही. जमिनीवर बसते, मुलाच्या आईशी बोलते, मुलाकडे मुद्दाम बघत नाही. "ये, मावशीकडे ये" अशा आग्रहानं मूल आणखी लांब जातं. थोड्या वेळानं ते आपणहून जवळ येतं, पिशवीला हात लावतं. मग लेन्सचं झाकण त्याच्या हातात देते. झाकण घालायचं, काढायचं, पुन्हा घालायचं, हा खेळ झाला की कॅमेरा ही त्याच्या ओळखीची वस्तू होते. दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना एकदा बटण दाबू दिलं की काम अर्धं होतं. स्क्रीनवर त्याचा स्वतःचा फोटो दाखवला तर खूश होतं, पण मग प्रत्येक क्लिकनंतर ते धावत बघायला येतं, हे लक्षात ठेवा. "आधी तीन, मग बघायचं" हे अडीच वर्षांच्या पुढे चालतं, त्याआधी नाही.

फ्लॅश सरळ तोंडावर मारायचा नाही. लागलाच तर छताकडे वळवून. मूल आईच्या मांडीवरून उतरत नसेल तर उतरवू नका. मांडीवरचे फोटो काढा. काळ्या साडीतल्या आईच्या मांडीवर काळ्या झबल्यातलं मूल, मधे पांढरे दागिने, यापेक्षा चांगली चौकट मला तरी माहीत नाही.

"इकडे बघ, इकडे बघ म्हणून घसा बसला"

एका घरातलं दृश्य सांगते. मुलगी पावणेदोन वर्षांची, चौरंगावर बसलेली, रडत नाहीये, उलट उत्सुक आहे. समोर अर्धवर्तुळात आत्या, दोन मावश्या, काका, शेजारच्या काकू, सगळ्यांच्या हातात फोन. आत्या टाळ्या वाजवतेय. मावशी खुळखुळा हलवतेय. काका शिट्टी वाजवतात. आजी पदराआडून "बाळी, इथे बघ गं" म्हणतायत. मुलगी आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे, मग वर, कारण शिट्टी वरून आल्यासारखी वाटली. तिच्या भुवया हळूहळू जवळ येतात. खालचा ओठ बाहेर येतो. अजून ती रडलेली नाही, पण आता काही सेकंदांचाच प्रश्न आहे. त्या क्षणी तिच्या आईनं सगळ्यांना चहाला आत पाठवलं. हॉल रिकामा झाल्यावर मुलीनं एक मोठा श्वास सोडला, पायातलं पैंजण बघितलं आणि स्वतःशीच हसली. तो फोटो मिळाला.

बाहेर ओठ आलेला ओळखायला शिका. तिथे थांबलात तर पाच मिनिटांत गाडी रुळावर येते. त्याच्या पुढे गेलात तर अर्धा तास गेला.

नियम असा करा की हाक मारणारं माणूस एकच. मुलाचं सगळ्यात लाडकं. बऱ्याचदा ते आई नसते; आजोबा असतात किंवा मोठी ताई असते. त्या माणसानं फोटोग्राफरच्या मागे, डोकं लेन्सच्या अगदी वर येईल असं उभं राहायचं किंवा बसायचं. बाजूला नाही. बाजूला उभं राहिलं की फोटोत मुलाची नजर बाजूला. त्यानं सतत ओरडायचंही नाही. फोटोग्राफरच्या पाठीआड लपायचं, क्षणभर शांतता ठेवायची आणि डोकं वर काढून 'बुवा... कुक!' मूल ज्या जागेकडे टक लावून वाट बघतं ती जागा म्हणजे लेन्स. 'कुक'च्या आधीची उत्सुकता आणि नंतरचं खिदळणं, दोन्ही फोटो मिळतात. दोन-चारदाच हे चालतं, मग खेळ बदलावा लागतो.

बाकीच्यांचे फोन? त्यांना सांगा की कार्यक्रम संध्याकाळी आहे, तेव्हा हवे तेवढे काढा. इथे थोडा वाईटपणा घ्यावा लागतो. फोटोग्राफरला घेऊ द्या, त्याला परत त्या घरात जेवायला जायचं नसतं.

"हसतो, पण दात विचकून"

'चीज म्हण' हे शिकवल्याचा परिणाम. ओठ ताणले जातात, डोळे तसेच. एकदा ही सवय लागली की कॅमेरा दिसताच चेहरा तसाच होतो. घरच्यांनी 'हस ना' म्हणणं बंद करायचं, एवढाच त्यावर उपाय.

या वयाला हसू येतं ते चुकीचं काहीतरी घडल्यावर. बाबांनी मोजा कानात घालावा. आजोबांनी चप्पल डोक्यावर ठेवून गंभीरपणे विचारावं, "टोपी कशी आहे?" कापडाचं अस्वल डोक्यावर ठेवून 'आऽऽक् छी!' करून खाली पाडावं. हे शिंकेचं नाटक जवळपास प्रत्येक मुलावर चालतं, आणि तिसऱ्या वेळेला 'आऽऽ' म्हटल्यावरच हसू सुरू होतं, म्हणजे क्लिक कधी करायचं ते आधीच कळतं. अडीच वर्षांच्या पुढची मुलं सगळ्याला 'नाही' म्हणण्याच्या वयात असतात. त्यांना "हसायचं नाही हं, अजिबात हसायचं नाही" असं दटावलं की पुरतं.

आणि प्रत्येक फोटोत हसायलाच हवं असं कुठे आहे? बोर हातात घेऊन निरखणारं मूल, भुवई चढवलेली, जीभ किंचित बाहेर. घरातले मोठे आधी म्हणतात, "हसतानाचा नाही का?" आणि भिंतीवर शेवटी हाच लागतो.

"एका जागी थांबतच नाही"

'बस' म्हणू नका, काम द्या. वाटीतली बोरं टोपलीत टाकायची, टोपलीतली वाटीत. तिळगूळ आजीला नेऊन द्यायचा. उभं राहायला हवं असेल तर जमिनीवर एक मोठी टिकली चिकटवा आणि "टिकलीवर पाय ठेव" म्हणा. ती कामगिरी वाटते. बसायला हवं असेल तर चौरंगापेक्षा रुंद पसरट टोपली बरी. चौरंगावरून मूल एका उडीत पळतं, कधी पडतंही. टोपलीतून बाहेर यायला त्याला थोडा विचार करावा लागतो, तेवढा वेळ आपला. बोटाला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला तर तो सोडवण्यात मूल इतकं गुंगतं की अगदी तल्लीन चेहरा मिळतो. तुकडा तोंडात जाणार नाही याकडे मात्र लक्ष हवं.

मोबाइलवर कार्टून लावून बसवणं हा उपाय मला पटत नाही, आणि तो उपयोगीही नाही. नजर खाली, चेहरा कोरा, आणि फोन काढून घेतला की जे सुरू होतं त्यानं उरलेला वेळ संपतो. चॉकलेटचंही तेच. तोंड भरलेलं, दात तपकिरी, काळ्या कपड्यावर बोटं. द्यायचंच तर शेवटी. मधे काही हवं असेल तर चिमूटभर चुरमुरे किंवा केळ्याचा काप.

प्रत्यक्ष बोरन्हाण: डोक्यावर ओतायचं कसं

सगळ्यात जास्त रडणं इथे होतं. मूल पाठीमागे काय चाललंय ते बघू शकत नाही आणि एकदम डोक्यावर कडक, गार काहीतरी पडतं. त्याच वेळी आजूबाजूची आठ-दहा मोठी मुलं चॉकलेटं लुटायला अंगावर झेपावतात.

आधी मुलाच्या हातून बाहुलीला बोरन्हाण घाला, मग बाबांना. बाबांच्या डोक्यावरून चुरमुरे पडताना बघून मूल हसलं की मग त्याची पाळी. पहिली फेरी फक्त चुरमुऱ्यांची, समोरून दाखवून, डोक्याच्या जरा वरून आणि हळू. बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, गोळ्या हे डोक्यावर टाकूच नका, पाटाभोवती पसरून ठेवा. मोठ्या मुलांना आधीच अर्धवर्तुळात बसवून सांगा की टाळी वाजल्याशिवाय कुणी हलायचं नाही. टाळी वाजायच्या आत छोट्याला कडेवर उचलायचं. लूट कडेवरून बघायला त्याला फार आवडते.

शेंगदाणे, बोराची बी, कडक गोळ्या, उसाचा तुकडा हे चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. कार्यक्रम संपल्यावर सोफ्याखाली, गालिच्याच्या काठाला गेलेले दाणे त्याच दिवशी झाडून घ्या.

फोटो काढणाऱ्यानं मुलाच्या डोळ्याच्या उंचीला, म्हणजे जवळजवळ जमिनीवर पोटावर पडायचं. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसता मुकुट दिसतो. पडणारे चुरमुरे हवेत थांबलेले हवे असतील तर शटरचा वेग किमान १/५०० सेकंद, जमल्यास १/१०००. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६००-३२०० पर्यंत गेला तरी चालेल. दाणेदार फोटो बघवतो, हललेला नाही.

"फोटो हलले, नाहीतर दागिने नुसते पांढरे डाग दिसतात"

यात मुलाचा काहीच दोष नाही. काळा कपडा चौकटभर असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो फोटो उजळ करतो, आणि हलव्याचा काटा जाऊन पांढरे ठिपके उरतात. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अर्धा ते पाऊण स्टॉप खाली आणा. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा. पाठीमागे फिकी भिंत किंवा पिवळी, आंब्याच्या रंगाची साडी लावा. गडद पडद्यासमोर काळं झबलं नाहीसं होतं.

पळणाऱ्या मुलासाठी सतत फोकस करणारा पर्याय हवा: कॅननवर एआय सर्व्हो किंवा सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी. शटर १/२५० पेक्षा संथ नको. लेन्सचं छिद्र अगदी मोठं उघडू नका, एफ २.८ ते ४ बरं, नाहीतर नाक स्पष्ट आणि डोळे धूसर. फोनवाल्यांनी पोर्ट्रेट मोड विसरावा. हलत्या मुलाच्या कडा, विशेषतः मुकुटाच्या, त्यात विचित्र कापल्या जातात. नाइट मोडही नको, तो जास्त वेळ उजेड गोळा करतो आणि तेवढ्यात मूल दुसऱ्या खोलीत असतं. आयफोनवर शटरचं बटण डावीकडे ओढून धरलं की फोटोंची रांग निघते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ते दाबून धरून किंवा खाली ओढून होतं. त्या रांगेतला एक चांगला असतोच. आणि लेन्स पुसा. मुलांच्या घरातल्या फोनवर तूप, वरण आणि लाळ असतेच.

माळांच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे आले तर माळ बंद करा किंवा शटर १/१०० ला आणा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, जलद शटरला दिसतं. खिडकीपाशी, पातळ पडदा ओढून, माळेशिवाय काढलेले फोटो सगळ्यात चांगले.

घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो

आधी मोठी माणसं बसवा, साड्या-चष्मे नीट करा, फोकस बघा, आणि शेवटी मुलाला आणा. एकच सूचना द्या: मूल काहीही करो, सगळ्यांनी लेन्सकडेच बघायचं. नाहीतर होतं काय, की ज्या सेकंदाला मूल कॅमेऱ्याकडे बघून हसतं, त्या सेकंदाला बाकीचे सहा जण मुलाकडे बघून "बघ, बघ" म्हणत असतात.

पासपोर्टचा फोटो

बोरन्हाणाला आले की हेही विचारलं जातं म्हणून थोडक्यात. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा फोटो पासपोर्ट केंद्रावर न्यावा लागतो. त्यापुढच्या मुलांचा तिथेच काढतात. बसता न येणाऱ्या बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढा, स्वतःची सावली पडू देऊ नका. दीड-दोन वर्षांचं असेल तर खिडकीसमोर, पांढऱ्या भिंतीपासून हातभर पुढे स्टुलावर. इथे हसवायचं नाही, तोंड मिटलेलं हवं. शिंकेचं नाटक संपल्यानंतर मूल पुढच्या शिंकेची वाट बघत थांबतं ना, तो क्षण. आधारचं त्यामानानं सोपं. पाच वर्षांखाली बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन घेत नाहीत, फोटोच घेतात.

फोटोग्राफरला आधी काय सांगायचं

झोपेची वेळ. कशाला घाबरतो: कुकरची शिट्टी, मिक्सर, फुगा फुटणं, दाढीवाले काका. सध्या कशाचं वेड आहे: जेसीबी, कावळा, झाडू. आणि घरातलं हाक मारायचं नाव. पत्रिकेवरच्या नावानं हाक मारत राहिलं तर पिल्लू किंवा सोन्या ढुंकूनही बघत नाही.

जावळ काढलं त्याच दिवशी फोटो ठेवू नका. न्हाव्याच्या हातून सुटलेलं मूल त्या दिवशी कुणालाच डोक्याजवळ हात आणू देत नाही, मुकुट तर लांबच.

आणि काहीच जमलं नाही तर

डोळे चोळणं, कान ओढणं, पाठ फिरवणं सुरू झालं की थांबायचं. "एकच शेवटचा" हा फोटो कधी चांगला येत नाही. दागिने काढा, मऊ रोजचा सदरा घाला, भात भरवा.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, त्यामुळे फोटोंसाठी दुसरा दिवस हातात असतो. हे अंतर मात्र दरवर्षी सारखं नसतं, पंचांग बघून घ्या. २०२५ मध्ये रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आली, २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच. दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात, खाली कोरडा कागद घालून ठेवा, फ्रिजमध्ये नको, हलव्याला पाणी सुटतं. चाटून ओला झालेला हार वेगळा वाळू द्या. मग एखाद्या रविवारी, सकाळची न्याहारी झाल्यावर, पाहुणे नसताना, तेच काळं झबलं घालून खिडकीपाशी चुरमुऱ्यांची टोपली ठेवा आणि मुलाला त्यात हात घालू द्या.